पोर्ट वाइनचे सात डाग

लाकूड कधीही खोटं बोलत नाही. माणसाला वय लपवता येतं, लाकडाला येत नाही. हे वाक्य मी अडतीस वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आलो आणि त्याच अडतीस वर्षांत मी पाइनचं सागवान केलं, सागवानाचं शिसवी केलं, आणि घोडबंदर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये सिमेंटचा खांब असा रंगवला की घरमालकाच्या सासऱ्यांनी त्यावर टकटक करून 'आवाजावरूनच कळतं, अक्रोड आहे' असा निर्वाळा दिला. मी मान डोलावली. वयस्कर माणसाचा शब्द खाली पडू देऊ नये.

माझा धंदा लाकूड पॉलिशचा. घर ठाण्यात कोपरीला, गाळा वागळे इस्टेटमध्ये. गाळ्याच्या एका बाजूला पत्र्याचे भाग कापणारा प्रेसचा कारखाना आहे, दुसऱ्या बाजूला खाकरा पॅक करतात. त्यामुळे माझ्या पॉलिशवर एकीकडून हादरे बसतात आणि दुसरीकडून जिऱ्याचा वास. यातून जे चकचकीत बाहेर पडतं त्याला लोक विलायती फिनिश म्हणतात.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची. कापसाचा गोळा सुती फडक्यात बांधायचा, त्याला आम्ही बोळा म्हणतो. बोळा लाखेत बुडवून लाकडावर फिरवायचा, थर वाळू द्यायचा, तो बारीक काचकागदाने घासायचा, पुन्हा बोळा फिरवायचा. अशा एका फेरीला 'हात' म्हणतात. चांगल्या कामाला वीस-बावीस हात लागतात. माजिवड्याच्या टॉवरमधल्या एका बाईंना मी हे फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, एवढी माणसं आमच्या लिफ्टमध्ये मावणार नाहीत."

याच बाईंनी नवंकोरं जेवणाचं टेबल 'शंभर वर्षं जुनं दिसेल असं' करून मागितलं होतं. मी त्याला साखळीने ठोकलं, कडा घासल्या, खाचांत काजळी भरली. आठवड्याने त्यांचा फोन आला, "पाहुणे विचारतात, सेकंडहँड घेतलंत का?" तेव्हापासून जुनं दिसणं आणि जुनं असणं यांपैकी गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय, हे मी आधी विचारून घेतो. फक्त एकदा विचारायचं राहिलं. त्याचीच ही हकिकत.

जुन्या विलायती गाड्यांच्या डॅशबोर्डला लाकूड असतं. लाकूड म्हणजे आत साधा प्लाय आणि वर अक्रोडाची साल, पोस्टकार्डाइतकी पातळ. तिला व्हिनिअर म्हणतात. घासताना हात जरा जड पडला की अक्रोड संपतो, खालचा प्लाय दात विचकतो आणि मालकाला आपल्या गाडीची खरी जात कळते. म्हणून हे काम फार कमी लोक घेतात. मी घेतो, कारण मला लाकडाची भीती वाटत नाही. मालकांची वाटते. जुन्या गाडीचा मालक हा गाडीपेक्षा जास्त आवाज करतो आणि त्याला सायलेन्सर नसतो.

विद्याधरराव मला असेच लाभले. डोंबिवली पूर्वेला राहणारे, कंपनीतून निवृत्त झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. वडील कल्याणचे जुने डॉक्टर. त्यांनी वापरलेली काळी विलायती गाडी विद्याधररावांच्या इमारतीखाली, पाण्याच्या टाकीशेजारी, तीन चादरींखाली उभी होती. त्यांनी एकेक चादर अशी काढली की मला वाटलं, आता राष्ट्रगीत होणार.

"पाटकर," ते म्हणाले, "ही गाडी नाही. हा वारसा आहे."

"चालू होतो का?" मी विचारलं.

"कधी कधी."

ठाण्याला जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. परीक्षक मुंबईहून येणार होते. डॅशबोर्डावरचं मूळचं वार्निश तडकून मगरीच्या पाठीसारखं झालं होतं, ते मला नवं करायचं होतं. मेकॅनिकने घड्याळं, काटे, बटणं काढून लाकडी पट्टी मोकळी करून दिली आणि विद्याधररावांनी तिच्यासोबत मला एक फाइल दिली. फाइलवर सोनेरी अक्षरांत 'एका वारशाची कथा' असं छापलं होतं. पानं एकोणीस.

"आधी हे वाचा आणि मगच हात लावा."

मी वाचणारा माणूस आहे. भेळेचा कागदसुद्धा भेळ संपली की उलगडून वाचतो. अगदी पॉलिशच्या डब्यावरच्या सूचना मी तीन भाषांत वाचलेल्या आहेत. पण त्या फाइलचं पहिलं वाक्य 'काळाच्या विशाल पटलावर' असं सुरू होत होतं. मी ती मिटली आणि लाखेच्या डब्याखाली ठेवली. तिथे तिचा उपयोग झाला, टेबल जरा डगमगत होतं.

तडकलेलं वार्निश उतरवलं तेव्हा खालचा अक्रोड पाहून मी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. अशी नक्षी हल्ली दिसत नाही. फक्त खालच्या कडेला, चालकाच्या डाव्या हाताशी, जिथलं वार्निश आधीच कुणीतरी घासून घालवलेलं होतं, तिथे सात काळपट डाग होते आणि त्यांच्यावर पांढरट, खरखरीत पापुद्रा. मी व्हिनेगरचा बोळा लावला. पापुद्रा फसफसला.

मला हसू आलं. ज्या घरात तंबाखू मळली जाते तिथे चौकटीच्या कडेला, पलंगाच्या पट्टीखाली, खुर्चीच्या हाताखाली असा पापुद्रा हमखास सापडतो. माणूस मळून झाल्यावर बोटाला उरलेला चुना जवळ जे असेल त्याला पुसतो. भिंत स्वतःची आहे की सरकारची, हे तो बघत नाही. चुना अक्रोडाला लागला की लाकूड काळं पडतं. ते उजळायला ऑक्झॅलिकची पावडर पाण्यात कालवून लावतात. मी लावली. सातही डाग गेले, मागमूस राहिला नाही. मग बावीस हात दिले. पट्टीत तोंड दिसायला लागलं. इतकं साफ काम माझ्या हातून फार वेळा झालेलं नाही, हे मी कुणाला न विचारता सांगतो.

मंगळवारी सकाळी विद्याधररावांचा फोन आला.

"पाटकर, माईला घेऊन गुरुवारी येतोय. माझी आई. ती शहाऐंशी वर्षांची आहे, तिला फारसं दिसत नाही, पण दर दसऱ्याला ती गाडीत बसते आणि आधी त्या डागांवरून बोट फिरवते. त्याशिवाय दार लावू देत नाही. मेळाव्यालाही गाडीत तीच बसणार आहे. डाग ठीक आहेत ना?"

"कुठले डाग?"

"पान चार," ते म्हणाले.

मी लाखेचा डबा उचलून पान चार काढलं. तिथे लिहिलं होतं: 'डॅशबोर्डाच्या खालच्या कडेस पोर्ट वाइनचे सात डाग असून ते एका संस्थानाधिपतींच्या हस्ते सांडलेले आहेत. पॉलिशकामात त्यांस धक्का लागू नये.' 'नये'खाली तांबडी रेघ होती. दोन.

शेजारी डागांचा फोटोही होता, पण झेरॉक्स केलेला. त्यात डॅशबोर्ड कुठे संपतो आणि काळोख कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं.

पोर्ट वाइन फसफसत नाही, हे मी विद्याधररावांना सांगू शकलो असतो. त्यांच्या एकोणीस पानांचं काय व्हायचं ते झालं असतं, त्याची मला काळजी नव्हती. पण एक म्हातारी बाई वर्षातून एकदा ज्या जागेवर बोट ठेवते, ती जागा मी खरवडून टाकली होती. आणि ती जागा आता इतकी गुळगुळीत होती की बोट घसरलं असतं.

इस्टेटच्या कोपऱ्यावर म्हात्रेची पानाची टपरी आहे. मी त्याच्याकडे वर्षानुवर्षं फक्त बडीशेप घेतो.

"म्हात्रे, चुना दे."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, या वयात?"

"कामाला पाहिजे रे."

"सगळे असंच बोलतात."

"मला सांग, तंबाखू मळून झाली की लोक उरलेला चुना पुसतात कसा? अंगठ्याने?"

"अंगठ्यानं नाय ओ! अंगठा मळायला. चुना घेतात या बोटावर." त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट वर केलं. "मंग ते बोट पुसायचं. पण बघायचं नाय काका. बघून पुसला का तो रंगकाम झाला." आणि माझ्याकडे बघत बघत त्याने टपरीच्या खांबावर बोट ओढलं. त्या खांबावर चुन्याचे इतके थर होते की खांब आतून लोखंडाचा आहे की लाकडाचा, हे सांगता येणार नाही.

लाखेचा एक मोठा गुण असा की स्पिरिटच्या फडक्याने ती कधीही काढता येते. चूक मागे घ्यायची सोय असलेलं दुसरं पॉलिश मला माहीत नाही. खालची कड मी पुन्हा उघडी केली, छताकडे बघत सात वेळा बोट पुसलं आणि वाट पाहिली. दुपारपर्यंत लाकूड काळं पडलं. वर चुना वाळून खरखरीत झाला. सिमेंटच्या खांबापेक्षा हे काम सरस झालं होतं.

गुरुवारी विद्याधरराव आले ते मेळाव्यासाठी घेतलेली हॅट घालूनच. त्यांच्या मागून माई. ठेंगण्या, सुती साडी, पायांत नातवाचे असावेत तसे पांढरे बूट. मी त्यांना स्टूल दिलं आणि पट्टी त्यांच्यासमोर टेबलावर आडवी ठेवली.

"पाहिलंस माई?" विद्याधरराव म्हणाले. "राजेसाहेबांचा एकेक थेंब जागच्या जागी. पाटकर, तुम्ही कारागीर नाही आहात, तुम्ही इतिहासकार आहात."

मी 'कसचं कसचं' असं काहीतरी पुटपुटलो.

माईंनी कडेवरून बोट फिरवलं. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. मग बोट नाकाजवळ नेलं. मग त्या म्हणाल्या, "छान."

विद्याधररावांना माजिवड्याला जाऊन मेळाव्याचा फॉर्म द्यायचा होता. अर्ध्या तासात येतो म्हणाले. माजिवड्याहून अर्ध्या तासात कुणी आलेलं नाही, तेव्हा माझ्या हिशेबाने ते दीड तासाने येणार होते. त्यांची हॅट दारातून दिसेनाशी झाल्यावर माई म्हणाल्या, "पाटकर, तुम्ही तंबाखू खाता?"

"नाही हो."

"मग हे कुणाचं बोट आहे?"

शेजारच्या प्रेसचे दणके त्या दिवशी फारच स्पष्ट ऐकू येत होते.

"डॉक्टर डावखुरे होते," त्या म्हणाल्या. "एक हात स्टिअरिंगवर आणि डाव्या हाताने पुसायचे. त्यांची रेघ एकीकडे चढायची, ही दुसरीकडे चढते. आणि चुना ताजा आहे. मूळचे काय केलेत?"

"पुसले, माई. मला ठाऊक नव्हतं. फाइल वाचली नाही."

"ती मीसुद्धा वाचलेली नाही." त्यांनी पुन्हा कडेवर बोट ठेवलं. "अगदी सगळे गेले?"

"सगळे."

"कमाल आहे. मी चिंचेने घासून थकले होते."

त्यानंतर त्यांनी मला जे सांगितलं ते एकोणीस पानांत कुठेही नव्हतं. डॉक्टर कल्याणमध्ये तंबाखूवर भाषणं द्यायचे. दवाखान्यात तंबाखूच्या दुष्परिणामांचा तक्ता लावलेला होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी माईंना शब्द दिला होता की सोडली. घरात कधी वास नाही, डबी नाही, काही नाही. व्हिजिटला मात्र गाडी घेऊन जायचे.

"एकदा माझी पिशवी सीटखाली गेली म्हणून वाकले, तर कडेला हे. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कारल्याची भाजी केली. त्यांना कारलं अजिबात चालत नसे."

"मग?"

"निमूट जेवले. मग तसंच पडलं. मी डाग पुसायचा, नवा दिसला की दुसऱ्या दिवशी कारलं. इतकी वर्षं त्यांनी एकदाही विचारलं नाही की आज कारलं का. मीही कधी विचारलं नाही की हे काय."

"आणि हे सात?"

"पुढे माझे गुडघे गेले. वाकता येईना, पुसायचे राहिले. त्यांना वाटलं असेल, बाई निवळली."

"पण मग पोर्ट वाइन?"

माई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "ते फार आधीचं. विद्या पाच वर्षांचा असेल, मी पुसायच्या आत त्याला एक डाग दिसला. गाडीत बसून विचारायला लागला, माई, हे काय आहे? शाळेत जाऊन सांगणारं पोर. बाबा तंबाखू खातात म्हणून कसं सांगू? म्हटलं, एका राजेसाहेबांना बाबा गाडीतून घेऊन गेले होते, त्यांची दारू सांडली."

"कुठले राजेसाहेब?"

"ते मी सांगितलंच नव्हतं. नाव त्याने मोठेपणी शोधून काढलं."

मी इतकंच म्हणालो की संशोधन कष्टाचं असतं.

"ते राहू दे," माई म्हणाल्या. "हे तुमचं बोट पुसा आधी. मला परक्या माणसाच्या बोटावरून हात फिरवत दसरा करायचा नाही."

मी स्पिरिटचं फडकं फिरवलं, व्हिनेगर लावलं, माझा इतिहास फसफसून गेला. ऑक्झॅलिक लावून कड धुतली आणि गरम हवेच्या यंत्राने वाळवली. या सगळ्यात पाऊण तास गेला, तोवर माईंनी खाकऱ्याच्या गाळ्यातून आलेला नमुन्याचा पुडा संपवला. मग मी पट्टी गाडीत असते तशी उभी बांधली, म्हात्रेकडची चुन्याची पुडी त्यांच्यापुढे धरली आणि म्हात्रेचंच शास्त्र सांगितलं, "बघून पुसायचं नाही."

"मला दिसतंय कुठे?" माई म्हणाल्या.

डाव्या हाताचं पहिलं बोट चुन्यात बुडवून त्यांनी पहिली रेघ ओढली. किंचित थांबल्या. "यांना घाई असायची," म्हणाल्या आणि दुसरी झटक्यात ओढली. तिसरी, चौथी. पाचवीच्या वेळी त्या काहीतरी पुटपुटल्या, ते मला प्रेसच्या आवाजात ऐकू आलं नाही आणि ते मला उद्देशून नसावं. सातवी झाल्यावर बोटाला उरलेला चुना त्यांनी सहज माझ्या टेबलाच्या कडेला पुसला. मग दचकून हात मागे घेतला.

"बघा," त्या म्हणाल्या, "असंच होतं वाटतं."

विद्याधरराव पावणेदोन तासांनी आले. मी कडेला शेवटचा हात द्यायचा राहिलाय असं सांगून पट्टी फडक्याखाली झाकली होती. त्यांनी माईंना विचारलं, "कंटाळलीस का गं?" माई म्हणाल्या, "छे. पाटकरांनी पॉलिश कसं करतात ते दाखवलं."

त्या गेल्यावर मला जरा वाईट वाटलं, आणि ते फक्त डॉक्टरांच्या सात बोटांपुरतं नव्हतं. इतक्या वर्षांत मी काय काय पुसलं असेल. पाळण्याच्या कठड्यावरचे दातांचे ठसे, अभ्यासाच्या टेबलावर कंपासने कोरलेलं कुणाचं तरी अर्धवट नाव, देव्हाऱ्याच्या पट्टीवरचं तेल. प्रत्येक वेळी गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं, "वा, अगदी नव्यासारखं." आणि मी ती शाबासकी खिशात घालून घरी गेलो. आता मी कामाला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा येऊन बघायला सांगतो. निम्म्या वेळा काम रद्द होतं.

मेळावा रविवारी झाला. गाडी डोंबिवलीहून टेम्पोवर चढवून आणली होती आणि मैदानाच्या फाटकापासून पुढे ती स्वतःच्या बळावर चालली, जवळजवळ साठ पावलं. चालकाच्या शेजारी माई, शाल पांघरून, पांढरे बूट घालून. विद्याधरराव बाहेर उभे राहून फाइल वाटत होते. मी उन्हात उभा राहून लांबून माझे बावीस हात बघत होतो. उन्हात अक्रोड असा दिसत होता की त्यापुढे बाकीचं सगळं मैदान प्लायचं वाटावं.

परीक्षक तीन होते. त्यांतले मुख्य गृहस्थ भिंग घेऊन आले होते. ते गाडीत अर्धे शिरले, खालच्या कडेशी भिंग धरलं, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी माईंना अदबीने विचारलं, "आजी, हे डाग खरोखर राजेसाहेबांचे?"

माई म्हणाल्या, "छे हो. चुना लावलाय."

तिन्ही परीक्षक खदखदून हसले. विद्याधररावही हसले, म्हणाले, "आमची माई अशीच आहे. मिश्किल." मुख्य परीक्षकांनी भिंग मिटलं, आजींच्या विनोदबुद्धीचं कौतुक केलं आणि वहीत लिहून घेतलं: पोर्ट.

माईंनी गर्दीतून माझ्या दिशेने, म्हणजे साधारण मी जिथे असेन असं त्यांना वाटलं त्या दिशेने पाहिलं आणि डाव्या हाताचं बोट डॅशबोर्डाखाली नेलं.

संध्याकाळी निकाल लागला. डॅशबोर्डाला काही मिळालं नाही. 'मूळ स्वरूपात जतन केलेला भाग' या गटातलं पहिलं बक्षीस त्याच गाडीच्या मागच्या सीटच्या आवरणाला मिळालं. ते रेक्झिन आहे आणि विद्याधररावांनी ते गेल्या वर्षी उल्हासनगरहून आणलं होतं.